भिंतीवरची आई

२८ मार्च
आई भिंतीवर आहे! आमच्या नाही, रिसॉर्टच्या जेवणाच्या हॉलमध्ये — दाराएवढ्या फोटोत. मोहफुलं वेचायला वाकलेली, अंगात पोलकं नाही, लुगडं खांद्यावरून घसरलेलं. गावात म्हाताऱ्या बाया तशाच राहतात, कोणी मान वळवून बघत नाही. इथे लोक पनीर खाता खाता बघतात. आणि वाढते कोण? मी! हातातलं वरण सांडलं. मॅनेजर ओरडला, "रंजीता, ध्यान कुठी हाये?"

२९ मार्च
मॅनेजरला सांगितलं, ती माझी आई आहे, उतरवा. "अरे वा! मस्त आली ना!" म्हणाला. फोटो तिथेच.

२ एप्रिल
आईपासून लपवलं होतं. पण रिसॉर्टची सफारीची जिप्सी चालवणाऱ्या इसरूने गावात सांगितलंच. नदीच्या घाटावर बायांनी चिडवलं — "सोमारी, हिरोईन झाली वो तू!" आता आई घाटावर जातच नाही. एकटीच वरच्या डोहावर आंघोळ करून येते. मोह वेचताना वरून माझा जुना शर्ट घालते. या उन्हात! बघून डोकं फिरतं माझं.

६ एप्रिल
फोटोवाला आलाय. निनाद सर. पोळी वाढताना विचारलंच — फोटो काढायच्या आधी त्या बाईंना विचारलं होतं का? गोड हसला. "विचारलं की लोक पोझ देतात. मजा जाते."
बरं! मग तुझीही मजा न विचारताच बघते. तुला गावभर नाचवलं नाही तर नाव रंजीता लावणार नाही.

७ एप्रिल
जमलं!!
सकाळी कॅमेरा घेऊन निघाला, मी मागे मागे. पँट काठावर काढून पाण्यात उतरला — पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, सुटलेलं पोट, कॅमेरा डोक्यावर धरलेला, कुठल्याशा पाखरामागे. शेवाळावरून घसरला आणि बसला मटकन! मी झाडाआडून फोटोंवर फोटो. त्यातला एक तिथूनच गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'पोझ दिली नाही, मजा आली.'
दिवसभर फोन वाजतोय. गावातल्या नागसेनभाऊंनी तालुक्याच्या, चिमूरच्या ग्रुपवरही धाडला. इतकं गार वाटतंय! भिंतीवरच्या आईला हळूच म्हटलं, फेडलं गं.

८ एप्रिल
ग्रुपवरचं हसणं बंद झालं. कोणीतरी फोटो मोठा करून पाहिला होता. सरांच्या मागे, खडकाजवळ, पाण्यात आई. लुगडं काठावर वाळत घातलेलं.
वरचा डोह होता तो. मला माहीत होतं. पण मला फक्त तोच दिसत होता.
मी फोटो काढून टाकला. चिमूरचा कोण काढणार?
आई चुलीपुढे होती. वर न बघता म्हणाली, "थ्यानं परक्यायले देखवलं वो. तू गावाले देखवलं."