सीनिअर्सचा विमा

३ मार्च
ठराव : आजपासून कुणाच्या कामात नाक खुपसायचं नाही. निवृत्तीनंतर हा ठराव बऱ्याचदा झाला, पण या वेळी मी थकले आहे. थकलेल्या माणसाचे ठराव टिकतात.

४ मार्च, सकाळ
नातीच्या सेलिंग क्लबचा सेक्रेटरी घरी. मुलांच्या शिडाच्या बोटी रविवारी, पंधरा तारखेला निघणार. विमा नसेल तर बंदर अधिकारी बोट पाण्यात सोडू देणार नाही. आणि त्या दिवशी एकही बोट निघाली नाही, तर क्लबचा बोटी लावायचा धक्का मोटरबोटवाल्यांना मिळणार. नात चौदाची. वर्षभर गाठी मारायला शिकतेय. माझ्या गाऊनच्या नाड्यासुद्धा सुटल्या नाहीत तिच्या हातून.
सेक्रेटरी म्हणाला, काकू, पालक म्हणून फक्त सही करा. फक्त सही! ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांच्या ड्राफ्टमधल्या चुका काढल्या. न वाचता सही करू? ठेवून जा म्हटलं.

दुपार
अर्जात ‘यूथ सेलिंग प्रोग्रॅम’. यूथ म्हणजे तरणाबांड मुलगा. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये यूथ फाटकाबाहेर उभे असायचे, सायकली घेऊन. माझी नात यूथ नाही. आठवीपासून वरच्या मुली म्हणजे सीनिअर्स, बास. यूथ खोडून सगळीकडे ‘सीनिअर्स’ केलं. स्वल्पविरामही घातले. सूनबाई म्हणाली, आई, त्यांचा फॉर्म त्यांना भरू द्या ना. तिला विचारलं, इंग्रजीतल्या ‘लाय’ आणि ‘ले’ या क्रियापदांतला फरक सांग. कुकरची शिट्टी झाल्याचं सांगून आत गेली. शिट्टी झाली नव्हती.
हे नाक खुपसणं नव्हे. ही शुद्धलेखनाची सेवा.

७ मार्च
सही करून धाडलेला अर्ज पोचला. विमा एजंटचा फोन. मॅडम, सीनिअर्स म्हणजे सीनिअर्सच ना? म्हटलं, साध्या इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारावा लागतो, यातच सगळं आलं. तो म्हणाला, वय बघता प्रीमियम चढेल. म्हटलं, या वयात हातपाय मोडायचेच. म्हणाला, हो ना, हाडं ठिसूळ. म्हटलं, दूध पीत नाहीत, दुसरं काय!
सज्जन माणूस. विचार जुळतात.

१२ मार्च
पॉलिसी आली. ‘सीनिअर सिटिझन्स सेलिंग प्रोग्रॅम. वय साठ ते ऐंशी.’
एजंटला फोन. दुरुस्तीला दोन आठवडे लागतील म्हणे. मी कंपनीच्या इंग्रजीवर बोलले, तो ‘हो मॅडम’वर थांबला. क्लबात पॉलिसी दाखवली. शिडं शिवणारे काका दोरा दातात धरून इतके हसले की दोरा गिळला. सेक्रेटरीने खोडलेला ‘यूथ’ बोटाने दाखवला. म्हटलं, मला काही दिसत नाही, भिंग आणा, मग बोलू.
नात बोलत नाही. सूनबाई बोलत नाही, पण पातेली आपटते.
उद्या स्वतः बंदर अधिकाऱ्याला भेटणार. माझ्यापुढे कुणाचं चालत नाही.

१३ मार्च
त्याच्यापुढे चाललं नाही. म्हणाला, आजी, पॉलिसीत जे बसतात ते बोटीत बसतील. यमक जुळल्यावर स्वतःच खूश. साठीच्या वर क्लबात दोघंच : शिडंवाले काका आणि मी.
मला पाण्याची भीती नाही. फक्त आवड नाही.

१५ मार्च, सकाळ
निघते. कुणीतरी पुढाकार घ्यायला हवा. लाइफ जॅकेटचा पट्टा पुरेना. नातीने दोरीने बांधलं, पक्की गाठ मारली. तीन दिवसांनी पहिलं वाक्य बोलली : आजी, हलू नकोस. मी विरघळले. ती गाठीबद्दल बोलत होती.

१५ मार्च, संध्याकाळ
काकांनी सुकाणू धरलं. बोट धक्क्यापासून छान निघाली. अधिकाऱ्याने घड्याळ बघून नोंद केली. धक्का क्लबचाच राहिला. हे श्रेय कुणाचं, ते मी बोलणार नाही.
मुलं काठावर ओळीने उभी. कोरड्या कपड्यांत, कोरड्या चेहऱ्यांनी. नात ओरडली, आजी, बूम आली, खाली वाक! बूम म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा. मी वळून तिला सांगत होते की वाकणं हे खालीच असतं, ‘खाली वाक’ ही द्विरुक्ती आहे. द्विरुक्तीपर्यंत पोचले, तेवढ्यात बूम पोचली.
काकांनी कॉलर धरून वर काढलं. गाठ सुटली नव्हती. चष्मा तळाशी गेला. टॉवेल गुंडाळताना नात म्हणाली, आमच्या बोटी पॉलिसी दुरुस्त झाल्यावर निघतील. अजून अकरा दिवस. रागाने नाही म्हणाली. राग चालला असता.

१६ मार्च
या पॉलिसीवरचा पहिला दावा माझा. एक चष्मा. एजंटने अर्ज पाठवलाय. भिंग लावून वाचला. पहिल्याच ओळीत स्पेलिंगची चूक आहे.
राहू दे. सही केली.