दोन अर्ज, एक अक्षर

आबा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावं असं माझ्या मनात कधी आलं नाही. तुम्ही होतात तेव्हा तरी कुठं लिहिलं? बारामतीला वसतिगृहात असताना आठवड्याला एक पोस्टकार्ड टाकायचे, ते आईच्या नावानं. शेजारचे गुरुजी तिला ते वाचून दाखवायचे. तुमच्या वाट्याला शेवटची ओळ, आबांना नमस्कार. आज तुम्हालाच लिहायला बसले आहे, कारण जे सांगायचं आहे ते जिवंत माणसाला सांगायची हिंमत माझ्यात नाही.

मी आता मुंबईत सरकारी कचेरीत कक्ष अधिकारी आहे. आई गावात सांगताना सायबीण म्हणते आणि मी लाजते, पण तिला थांबवत नाही. राज्याचे नियम पक्के व्हायच्या आधी त्यांचे कच्चे मसुदे ज्या टेबलांवरून फिरतात, त्यातलं एक टेबल माझं. मागच्या वर्षी दगडखाणींच्या नियमांची दुरुस्ती आमच्याकडं आली. घरं, शाळा आणि विहिरी यांच्यापासून अमुक अंतराच्या आत खाण नको, असा मसुदा होता. त्याच्या खाली एक परंतुक होतं. आमच्याकडं असंच असतं, आधी नियम सांगायचा आणि मग 'परंतु' लिहून त्यातून कोणाला तरी सोडवायचं. इथं सोडवलं होतं ते आधीपासून चालू असलेल्या खाणींना. हे परंतुक ठेवावं की काढावं, यावर लोकांच्या हरकती मागवल्या होत्या आणि आलेल्या हरकतींचा गोषवारा वरच्या साहेबांपुढं ठेवणं हे माझं काम होतं. आपल्या गावची खाण या परंतुकावरच तरणार किंवा बुडणार होती, हे मला पहिल्या वाचनातच कळलं होतं. मी कोणाला बोलले नाही.

आपल्या घरातली ताटं आठवतात तुम्हाला? सगळी पालथी. खडीमशीन हाकेच्या अंतरावर, त्याची धूळ घरभर, त्यामुळं आई चुलीपुढं बसायची तीच दाराकडं पाठ करून, आणि वाढायच्या आधी प्रत्येक ताट पदरानं पुसून वर फुंकर मारायची. मी अजून हॉटेलात ताट पुसते, बरोबरीचे लोक हसतात. खाणीच्या बाजूचा ऊस तर कधी हिरवा दिसलाच नाही. पण त्याच खाणीवर मी तुम्हाला मुकादम म्हणून बघितलं आहे, आणि ते बघणं मी कशाच्याही बदल्यात देणार नाही. दुपारची वेळ आहे. तुम्ही रस्त्यावर लाल फडकं बांधून येता, शिट्टी मारता, आणि बाभळीआड उभं राहून सुरुंगाचे आवाज बोटांवर मोजता. जेवढी भोकं भरली तेवढे आवाज झाले पाहिजेत. एक जरी कमी आला तर कोणीही पुढं पाऊल टाकायचं नाही. त्या दिवशी अकरा भरलेत आणि दहाच वाजलेत. मालक जीपमधून उतरतो आणि म्हणतो, "मुकादम, दोन एकदम उडालं असतील."

"असतील की," तुम्ही म्हणता. "मग तुमीच जावा म्होरं."

माणसं तोंड फिरवून हसली. मालक गेला नाही, आणि तुम्ही तासभर कोणालाही जाऊ दिलं नाहीत. मी तुमचा डबा घेऊन आले होते. एवढा अभिमान मला आयुष्यात पुन्हा कशाचा वाटला नाही, अधिकारी झाले त्या दिवशीसुद्धा.

तर हरकती आल्या, गठ्ठ्यांनी आल्या. खाणमालकांच्या छापील पत्रांवर एकच मजकूर, फक्त खालचं नाव वेगळं. शहरातल्या मंडळींची पानंच्या पानं, त्यात डोंगर, पाणी, पाखरं, आणि खाणीत राबणारा माणूस शोधून सापडेना. एका दुपारी माझी सहायक दोन कागद घेऊन आली. हुशार मुलगी आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. ती म्हणाली, "मॅडम, हे बघा. एकाच गावातून दोन अर्ज. एकात खाण चालू ठेवा, पोट त्यावर आहे. दुसऱ्यात खाण बंद करा, विहिरी आटल्या आणि घराघरात खोकला आहे. दोन्ही एकाच अक्षरात! आणि बायकांच्या सह्या जुळवून पाहिल्या तर दोन्हीकडं त्याच. कोणीतरी घरी बसून बनवलेत. 'बनावट दिसतात, विचारात घेऊ नयेत' असा शेरा मारू ना?"

मी गावाचं नाव वाचायच्या आधी अक्षर ओळखलं. वहिनीचं अक्षर, तुमच्या सुनेचं. तिरपा ल आणि ओळीच्या खाली उतरणारा ग. खाली सह्यांमध्ये आईचा अंगठा होता, दोन्ही कागदांवर. मी सहायकाला म्हटलं, "राहू दे, सोमवारी बघते." आणि शनिवारी गावाकडं गेले.

वहिनी चुलीपुढंच होती. गॅस आहे आता, पण भाकरी ती चुलीवरच करते. मी अर्जांचा विषय काढला तर तिचा चेहरा फुलला. "पोचलं व्हय वन्सं? दोनी पोचलं?" म्हणाली, "आधी ह्यांनी आन खाणीवरच्या मान्सांनी लिवून घेतला. चार दिसांनी बाया आल्या, आमचाबी लिव म्हनल्या. गावात अर्ज लिवायचा म्हंजी मीच. रेशनचा, पेन्शनचा, डीपी जळल्याचा. आता दर अर्जाला अक्षर बदलाया मला कुठं येतंय?"

मी आईला विचारलं, "अगं, पण तू दोन्हीवर अंगठा दिलास?"

आईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू शिकून मी वायाच गेले. "मग? दोनीत खोटं काय लिवलंय? खाण बंद झाली तर तुझा भाव घरी बसंल, ही खरी गोष्ट हाय का न्हाय? आन इहिरीचं पानी तळाला गेलंय, ही बी खरी हाय का न्हाय? वाचून दावलं, खरं हुतं, दिला आंगठा. एकावर दिऊन दुसऱ्याला खोटं कशापाई पाडू?"

आपल्या गावात असंच आहे. कागद खरा असेल तर अंगठा द्यायचा. तो कागद कोणाच्या बाजूचा आहे हे कचेरीत विचारतात, गावात नाही. बाया नवऱ्यांच्या अर्जावर सह्या करून आल्या, चार दिवसांनी आपल्या अर्जावर केल्या, आणि दोन्ही पाकिटं एकाच पोस्टातून गेली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि दोन्ही अर्जांच्या शेवटच्या चार ओळी अगदी सारख्या होत्या, तीन मागण्यांच्या. खडी फोडताना पाणी मारावं, म्हणजे धूळ उडणार नाही. खाणीतून उपसलेलं पाणी ओढ्याला न सोडता गावच्या विहिरीत सोडावं. कामावरच्या माणसांच्या छातीचा फोटो दर साली मालकानं काढावा. वहिनी म्हणाली, हे दोन्हीकडच्या लोकांनी आपापलं सांगितलं, तिनं नुसतं उतरून घेतलं. त्या सगळ्या गठ्ठ्यांत काम आणि पाणी दोन्ही कसं राखायचं हे सांगणारी एवढीच काय ती चार ओळींची जागा होती.

भाऊ कामावरून आला. तोंड धुतलं तरी भुवया पांढऱ्याच. तुमच्या जागी आता तो आहे, खडीमशीनवर. "आक्का, तेवढं आमचं बघ बरं," म्हणाला आणि खोकला. "ह्या वयात दुसरं काम कुठं बघू? वालचंदनगरला कारखान्यात इचारून आलो, तितं शिकल्याली पोरं बशिवल्यात रांगंत." खोकला तुमच्यासारखाच होता, आधी कोरडा आणि मग लांबलेला. कोणीही त्याकडं बघितलं नाही. आईनं त्याच्यापुढं ताट ठेवलं, पुसून.

त्या खोकल्यानं मला बारामतीचा दवाखाना आठवला. तुम्हाला सांगितलं नाही कधी, पण त्या दिवसाचा राग मी अजून धरून आहे. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडं धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "काका, काम काय करता? दगडाचं, खाणीचं काही?" आणि तुम्ही म्हणालात, "न्हाय जी. रानात असतो." मी शेजारी उभी होते. कॉलेजच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय शेती लिहिला होता तेव्हा ज्यांनी मला चारचौघांत विचारलं होतं, "कुठं हाय गं आपली शेती? मला तर अजून कुनी दावली न्हाय," आणि ते खोडून खाणकाम लिहायला लावलं होतं, ते माझे आबा सरळ खोटं बोलले. बाहेर येऊन मी भांडले. तुम्ही एसटी स्टँडवरच्या बाकावर बसलात, दम लागला होता, आणि म्हणालात, "कागदावर खाण आली की चवकशी येती. खाण बंद पडली तर चाळीस घरांनी काय धोंडं खायाचं? आन मी तर चाललोच हाय."

लोकांना सांगितलं तर त्यांना यात तुमचा मोठेपणा दिसेल. मला दिसला नाही, आजही दिसत नाही. तुम्ही चाळीस घरं वाचवलीत ती त्याच धुळीत ठेवून, आणि त्यातलं एक घर आपलंच होतं, तुमच्या जागेवर तुमचाच मुलगा गेला. तुम्ही खरं बोलला असतात तर कदाचित तेव्हाच खडीवर पाणी मारायला लागले असते. कदाचित खाणच बंद झाली असती आणि मी कॉलेज सोडून ऊसतोडीच्या टोळीत गेले असते. मला माहीत नाही. एवढी वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात दोषी धरत आले, हे मात्र नक्की.

सोमवारी मी कचेरीत गेले. मला करायचं होतं ते साधं होतं. साहेबांपुढं जाऊन सांगायचं, की हे माझं गाव आहे, माझा भाऊ त्या खाणीवर आहे, आईचा अंगठा दोन्ही अर्जांवर आहे आणि दोन्ही अर्ज खरे आहेत. मग नियमाप्रमाणं फाईल माझ्याकडून काढून घेतली असती. पण हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही, असंही विचारलं असतं, आणि माझी बढती त्याच साहेबांच्या सहीवर अडली होती. फाईल दुसऱ्याकडं गेली तर तो परंतुकच काढून टाकेल आणि भाऊ घरी बसेल, हीही भीती होती. सहायक कागद घेऊन उभी होती. तिनं शेरा आधीच लिहून आणला होता, स्वच्छ अक्षरात. दोन्ही अर्ज बनावट दिसतात, विचारात घेऊ नयेत. मी पेनचं टोपण काढलं आणि खाली सही केली.

भीती वाटली म्हणून केली, हे अर्धंच झालं. सही केल्यावर मला बरं वाटलं, आबा. बायकांचा अर्ज गेला म्हणजे भावाचं काम टिकणार, आणि ते मी टिकवलं असं कोणी म्हणू शकणार नाही. पाणी, फोटो, त्या चार ओळी गोषवाऱ्यात आल्या नाहीत, कारण त्या दुसऱ्या कोणीच लिहिल्या नव्हत्या. नियम निघाला. परंतुक जसंच्या तसं राहिलं, एकही अट न घालता. भावाचा फोन आला, "आक्का, वाचलो बघ!" त्याच्यामागं मशीनचा आवाज होता, आणि पुढचं बोलणं त्याच्या खोकल्यात गेलं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही हे उघड आहे, पण गावच्या घरीही ठेवता येणार नाही. आईला वाचता येत नाही, वहिनीला येतं, आणि ती घरातला कुठलाही कागद वाचल्याशिवाय बाजूला ठेवत नाही. माझ्याच कपाटात राहील. परवा आईचा फोन आला होता. भावाला आता रात्री झोप लागत नाही म्हणाली, आणि मग मधेच विचारलं, "आमचा कागद सायबानं वाचला का गं?"

"वाचला," मी म्हटलं.

"दोनी?"

"दोन्ही."

"मग काय म्हनला?"

मी म्हटलं, विचार चालू आहे. तिनं बरं म्हणून फोन ठेवला. तो साहेब मीच, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.