बॅगेतला स्वेटर

१२ ऑक्टोबर, दुपार

प्रिय धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे सुखरूप आहेत. एरवी हे वाक्य हात आपोआप लिहितो. आज लिहून झाल्यावर खोडावंसं वाटलं. पण ते खरं आहे. इकडे आभाळ मोकळं आहे, झाडाचं पान हलत नाही. तुझ्या वहिनीनं खिडक्यांवर ठोकलेल्या फळ्या काढायला घेतल्या. म्हटलं, आजचा दिवस राहू देत. तर म्हणाली, "का? अंधारात बसायची हौस आहे का?"

पत्र घेऊन आलेला माणूस आमच्या वीज कार्यालयाचा ड्रायव्हर आहे. आम्ही त्याला पैलवान म्हणतो. का, ते त्याचे दंड पाहिलेस की कळेल. तुमच्या शहरात वादळानंतर लागणारे खांब आणि तारा उतरवून तो लगेच परत फिरणार आहे. त्याला चहा पाज, पण बोलण्यात गुंतवू नकोस. फार बोलतो.

फोनवर बोललो असतो. दोनदा लावला, दोन्ही वेळा आईनं उचलला. मला जे सांगायचं आहे ते तिच्या कानाशी सांगता येत नाही.

आधी कामाचं. वादळ उद्या संध्याकाळी तुमच्या किनाऱ्यावर पोहोचेल असं म्हणताहेत. तुझ्या दोन खोल्या तळमजल्यावर, आणि पुढे तीन गल्ल्या टाकल्या की समुद्र. सगळं शहर एकदम निघालं तर रस्त्यावर मुंगीला वाट मिळणार नाही, म्हणून आज रात्रीच आईला जवळच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर ने. उचलून नेऊ नकोस. दोन्ही हातांवर उचललं की ती घाबरते आणि कठडा पकडून ठेवते, मग सोडत नाही. हात असलेली खुर्ची घे, तिला बसवून कमरेभोवती चादर बांध. एकानं खुर्चीची पाठ धरायची, एकानं खुर्चीचे पुढचे पाय. तोंड भिंतीकडे ठेव, खाली किती पायऱ्या आहेत ते तिला दिसता कामा नये. मागच्या वादळात आम्ही तिला असंच नेलं होतं. वर पोहोचेपर्यंत ती म्हणत होती, "मला पोतं समजलात का रे मेल्यांनो?" आणि वर गेल्यावर सगळ्यांना सांगत सुटली, की मला पालखीतून आणलं.

हे सगळं मला येतं, धाकट्या. म्हणजे आई इथं असती, तर मला जमलं असतं.

काल सकाळपर्यंत वादळ आमच्याकडेच येत होतं. कार्यालयात टीव्हीसमोर आम्ही सगळे उभे होतो. नकाशावर तो पांढरा भोवरा फिरत होता आणि त्याच्या पुढे एक रेघ, सरळ आमच्या गावात घुसलेली. कुणी काम करत नव्हतं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत होतो. तुला माहीत आहे, मी देवाला सहसा काही मागत नाही. काल मागितलं. म्हटलं, वळव. एवढं एक वळव.

थोड्या वेळानं रेघ वाकली. आधी कुणाला कळलंच नाही. मग पैलवान ओरडला, "वळलं! वळलं!" तो म्हणाला, "हे वादळ म्हणजे आपल्या मामेभावासारखं झालं. येतो येतो म्हणून कळवायचं आणि ऐनवेळी दुसऱ्याच घरी जेवायला बसायचं." सगळे हसले. टाळ्या वाजल्या. मीही वाजवली. हात एकमेकांवर आपटल्यावर, ती रेघ कुठं टेकली आहे ते मला दिसलं.

तुमचं शहर होतं. एवढी लाखो माणसं. त्यांत तुम्ही चौघं आणि आई.

मी टाळी वाजवली, धाकट्या. हे कुणाला सांगू?

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो, नाहीतर पैलवान हॉर्न वाजवायला लागेल.

गेल्या रविवारी मी तुला फोनवर सांगितलं, "आईनंच हट्ट धरलाय, धाकट्याकडे जाते म्हणून." ते खोटं होतं. आईनं असं काही म्हटलं नव्हतं. तिला मी सांगितलं, "धाकटा मागं लागलाय, वादळ येतंय तर आईला इकडे पाठव म्हणून." तेही खोटंच. तुला वाटलं तिची इच्छा, तिला वाटलं तुझी माया. दोघांनीही एकमेकांचा मान ठेवला आणि ती बसमध्ये बसली. मधे मी मोकळा झालो.

वादळात मी खांबांवर असणार, तुझी वहिनी घरी एकटी, तिची कंबर दुखते, ही कारणं मी स्वतःला देत होतो. ती खरीही आहेत. पण वहिनी एकदाही कुरकुरली नाही. कंटाळलो होतो तो मी. एकच प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकण्याला, न्हाणीच्या दाराशी ताटकळण्याला. वादळ नसतं आलं, तर मी दुसरं काहीतरी शोधलं असतं. आलं तेव्हा, खरं सांगतो, मला बरं वाटलं. आयतं कारण मिळालं.

तिची बॅग मीच भरली. चार दिवसांसाठी म्हणून पाठवलेल्या माणसाच्या बॅगेत मी सगळ्या साड्या घातल्या, तिचा पाणी प्यायचा तांब्या घातला, आणि तळाशी स्वेटर. तो घडी करताना आपण काय करतोय हे मला कळत होतं. तुझ्याही लक्षात आलं असेल. तू विचारलं नाहीस, हा तुझा स्वभाव.

आज सकाळी फोन लावला तर आईचा आवाज. "कोण, थोरला का? जेवलास?"

मी म्हटलं, "हो. धाकटा कुठंय?"

"कामावर. तुझ्याकडचं वादळ गेलं ना?"

"वळलं, आई."

"बरं झालं बाई. मी बसल्या जागी देवाला तेच सांगत होते. माझा थोरला खांबावर चढतो, त्याच्यावरचं टळू दे म्हटलं."

म्हणजे मी इकडे मागत होतो तेच ती तिकडे बसून मागत होती. मी म्हटलं, "आई, ते आता तुझ्याकडे येतंय."

"येतंय म्हणे. येऊ दे. एवढी माणसं आहेत इथं, मी काय एकटी आहे?" मग म्हणाली, "काय रे, स्वेटर कशाला दिलास? इथं उकाड्यानं जीव चाललाय."

तीच पुढे म्हणाली, "असू दे. थंडीत लागेल."

धाकट्या, तिला कळलंय. तिनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही.

तेव्हापासून देवासमोर बसतो, पण मागणार काय? पुन्हा वळव म्हणालो, तर ते आणखी कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहणार. तिथंही कुणाची तरी आई असेल. म्हणून एवढंच म्हणतो, की समुद्रावरच दम तुटू दे त्याचा. आणि नाहीच तुटला, तर मला तिकडे लवकर पोहोचव.

वादळामागून तुमच्याकडे येणाऱ्या पहिल्या गाडीत नाव घाला, असं मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "पन्नाशीला आलात. तरणी पोरं आहेत की, तुम्ही कशाला?" मी म्हटलं, "माझी आई तिकडे आहे." त्यांनी नाव घातलं. खांब उभे करीन, मग तुझ्या दारात येईन आणि तिला घरी घेऊन जाईन. ती नाही म्हणाली तर तुझ्या पायरीवर बसून राहीन.

शाळेत गेल्यावर, ती नीट टेकली की हे पत्र तिला वाचून दाखव. सगळं वाच, टाळीचंसुद्धा. काही गाळू नकोस.

आणि स्वेटर बॅगेतून काढू नकोस. यंदाच्या थंडीत तो इथं लागणार आहे.

तुझा, आणि ती अजून मला आपला म्हणत असेल तर तिचाही,
थोरला