मिस्टर वारले

अहो,

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, तरी लिहितेय. तुम्ही गेल्याला चार वर्षं झाली. मी यंदा दहावीला बसतेय. शिवणकारखान्यात जेवणाच्या सुट्टीत कापडाच्या ताग्यांमागे बसून मोबाईलवर तास ऐकते.

पहिल्याच दिवशी तासाच्या मॅडमनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आणि मुलगी. मिस्टर वारले."

तासाला असलेल्या सगळ्या बायका हळहळल्या. एक तर रोज विचारू लागली, "जेवलात का?" इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. खरं सांगायचा धीरच होईना.

रविवारी घरून तास केला. जेवणाचं विचारणाऱ्या त्या बाईला मोबाईलवर माझ्या मागे आपली मुलगी दिसली. म्हणाली, "बिचारी! बापाविना पोर." मुलीने मोबाईल हातात घेतला. "बाबा आहेत. ते आम्हाला सोडून गेलेत."

मॅडमनी बीजगणित पुढे सुरू केलं. आता माझ्या जेवणाची चौकशी कुणी करत नाही.

मुलीला तर मी सांगितलं होतं, की तुम्ही कामासाठी परगावी आहात. तास संपल्यावर विचारलं, "तुला कधी कळलं गं?"

"कधीचंच. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

तुमच्या मुलीची आई