सहकुटुंब, सहपरिवार

रविवार, ७ एप्रिल, सनीव्हेल
पोचले एकदाची! धाकटा भाऊ अवधूत न्यायला आला होता. बाप झाला तरी बेसनाचे लाडू कारमध्येच उघडले त्याने. बाळ तीन महिन्यांचं आहे, गोडच. इथे बारसं बाराव्या दिवशी नाही, सगळ्यांच्या सोयीच्या शनिवारी! नाव ठरलंय अनिका, पण तोवर नुसतं 'बाळ' म्हणायचं, कारण कानात पहिल्यांदा सांगणार मी. आत्याचा मान! नाहीतर एवढा वेळ विमानात पाय आखडून कोण बसतंय?

मंगळवार, ९ एप्रिल
भावजय सावनीने जुनं शिंतो देऊळ दाखवलं. जपानी शेतकऱ्यांनी बांधलेलं; लाल कमान, मागे बाग, पांढऱ्या खड्यांत ओढलेल्या सुबक रेघा. देव तो देव, आणि पहिलं आमंत्रण देवालाच द्यायचं, म्हणून पर्समध्ये अक्षता होत्याच. पुढे गर्दी, म्हणून बागेच्या कोपऱ्यातल्या, दोरीने बांधलेल्या दगडी देवळीपुढे वाहिल्या. म्हटलं, शनिवारी बारशाला सहकुटुंब सहपरिवार यावं. तिथल्या जपानी आजी धावतच आल्या. इथे लांबून वाकायचं, बोलवायचं नाही. आतलं आतच राहावं म्हणून ती दोरी आहे, असं काहीसं म्हणाल्या. मला हसूच आलं. दिलेलं आमंत्रण कुणी परत घेतं का?

बुधवार
दारातल्या चपला कुणीतरी बाजूला सरकवल्यात. पाहुण्यांच्या चपलांसाठी आपण जागा करतो ना, तशी. पायपुसण्यावर पांढरा खडा. अवधूत म्हणतो, डिलिव्हरीवाला असेल.

गुरुवार
दारातली ती जागा वाढली आहे. खडे पाळण्यापर्यंत आलेत. मला भीती वाटते. सावनी म्हणाली, ताई, जेटलॅग आहे, ओव्हरथिंक करू नका. तरी हट्टाने त्या देवळात गेले. दोरी तुटलेली, अक्षतांचा दाणाही नाही. आजींना आत्याचा मान समजावून सांगितला, तर त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, मग त्यांच्या आधी तुम्ही नाव घ्या. जो पहिला हाक मारेल, बाळ त्याचं.

शुक्रवार, दुपार
आमच्या सगळ्या चपला अंगणात. दाराशी नुसती जागा —
मुहूर्त गेला खड्ड्यात. सावनी अंघोळीला गेली आहे. बाळाच्या कानाशी वाकून म्हटलं, अनिका.
हूं नाही की चूं नाही. पुन्हा म्हटलं —

दार मी लावलं होतं. नक्की लावलं होतं.

कुणीतरी हाक मारली. हळूच. भलतंच नाव —
बाळ वळलं. हसलं. त्या नावाला.

आता दुसरा आवाज. तिसरा. सगळे तेच नाव —

बाळाला घट्ट धरलंय, पण ते त्यांच्याकडे हात पसर—