पब ठरला, बाही तेवढी राहिली

प्रिय वहिनीस, नणंदेचा नमस्कार.

इकडे सगळे धडधाकट, तिकडेही असालच. दादाचा गुडघा काय म्हणतो? मलम चोळतो की नुसतं उशाशी ठेवून बघत बसतो, ते त्याला विचार. शाळेचं नि माझं कधी पटलं नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा अक्षर लावून वाच आणि दादाला हसू देऊ नकोस.

तुम्ही बदलीच्या गावी गेलात तरी आपला विणकामाचा गट चालू आहे. वर्षाचा मेळावा तोंडावर आलाय. दर वेळी कुणाच्या तरी घरी जमतो आणि त्या घरची बाई सुया टाकून दिवसभर चहाच उकळते. यंदा आपली नर्स म्हणाली, पबमध्ये जमू, म्हणजे कुणालाच ओट्याशी उभं राहायला नको. सगळ्या हो म्हणाल्या, पण जागा बघायला एकीचा पाय उचलेना. घोंगडं पडलं माझ्या गळ्यात. (तोंडाने फटकळ असलं की अशी कामं आपोआप वाट्याला येतात.) वर शिंपीणबाईंनी बजावलं, जागा नाही मिळाली तर यंदा मेळावाच नाही.

उजेड पारखायला पिशवीत सुया नि काळी लोकर घेऊन निघाले. पहिल्या पबात एवढा अंधार, की लोकर सोड, स्वतःचा हात दिसेना. दारावरचा माणूस म्हणाला, "मावशी, काका इथे आलेच नाहीत." म्हटलं, काका घरी घोरतायत, तू मला खुर्च्या दाखव. दुसरीकडे गाणं असं दणदणत होतं की टाके मोजता मोजता मी सुई गाण्याच्या तालावर हलवायला लागले. त्यात खुर्च्यांना हात. हातांच्या खुर्चीत विणायचं म्हणजे कोपरं बांधून पोहायचं. मॅनेजरला म्हटलं, हात कापून घ्या. त्याने मलाच दार दाखवलं.

तिसरा मात्र बरोबर लागला. कोपऱ्यावरचा जुना पब, मोठी खिडकी, बिनहातांच्या खुर्च्या आणि उजेड असा की काळ्या लोकरीचा टाका न टाका दिसावा. मालक म्हातारा, शांत, अंगात वेणीच्या विणीचा स्वेटर. शनिवारची दुपार तुमची, म्हणाला. सगळं ठरलं. तब्येतीला जपा.

तुझी नणंद

ता. क. : एक राहिलं. मालकाच्या स्वेटरच्या एका बाहीची वेणी उजवीकडे वळत होती, दुसरीची डावीकडे. मला बघवेना. म्हटलं, काढा, चुकलंय, आत्ता नीट करून देते. तो "अहो बाई, असू द्या, ऊब येतेय ना" म्हणत राहिला, पण मी ऐकते होय! खांद्याची शिवण सोडली आणि डावी बाही पार मनगटापर्यंत उसवली. मग दुसरी समोर धरली तेव्हा कळलं, दोन्ही वेण्या मुद्दामच एकमेकींकडे तोंड करून विणल्या होत्या. (उजेड कमी पडला असणार.)

आणखी ता. क. : स्वेटर त्याच्या बहिणीच्या हातचा. तो ओरडला नाही, तेच वाईट. एका बाहीचा स्वेटर घालून गल्ल्यावर बसलाय आणि म्हणतो, हा हात झाकला तर शनिवारी दार उघडेन. डाव्या अंगाची वेणी मला जन्मात जमली नाही. तू डावखुरी, तुझ्या हातचा मळ. लोकर गुंडाळून ठेवलीये. शुक्रवारी सकाळच्या गाडीत बस. दादाचा गुडघा दादाच्या हवाली कर.

शेवटचं : गटात बाहीचं बोलू नकोस. तू मेळाव्याला येतेयस एवढंच त्यांना सांगितलंय. तुझी खुर्ची खिडकीपाशी मांडायला सांगितलीये, डावं कोपर मोकळं राहील अशी. ती मी बाही उसवायच्या आधीच सांगितली होती.