घडीवरचा नमस्कार

बदनापूर, गुरुवार, संध्याकाळ

सासूबाईंचा हात थरथरतो आणि परतूरला असणाऱ्या त्यांच्या बहिणीला, मावशींना, फोनवर ऐकू येत नाही. म्हणून दोघींची आंतरदेशीय पत्रं अजून चालू आहेत. सासूबाई सांगतात, लिहिते मी. आज म्हणाल्या, "लिही. सून दिवसभर बाहेर असती. मी एकलीच बसून राह्यले. बोलायला कोणी न्हाई. मला घेऊन जा."

लिहिलं. खोटं काय होतं त्यात? 'बाहेर'च्या आधी 'शाळेत शिकवायला' एवढं घालावंसं वाटलं. घातलं नाही. पत्र त्यांचं आहे.

वाचून दाखवलं. "बराबर. आता खालच्या घडीवर तुझा नमस्कार लिही. न्हाईतर म्हणंल, सुनेला रीत न्हाई."

माझ्याबद्दलच्या तक्रारीखाली माझाच नमस्कार. नाही लिहिला तर आणखी एक तक्रार. लिहिला. तरी घडीवर दोन ओळींची जागा उरली होती. माझी बाजू तेवढ्यात मावली असती. पण न विचारता लिहायचं कसं? उरलेली जागा कोरीच ठेवली आणि डिंकाची कड ओली करून चिकटवली.

मग त्या म्हणाल्या, "उद्या शाळेत जाता जाता पेटीत टाक."

शाळेत. आता म्हणाल्या.